शेजारच्या संकुलाचं पार्किंग वाढतं तेव्हा: ऐकीव किती, खरं किती

एखाद्या व्यापारी संकुलाच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर जेसीबी येऊन उभा राहिला, मुरूम पडायला लागला, की आसपासच्या सोसायट्यांमध्ये दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक, ‘त्याची जागा आहे, तो काहीही करील, महापालिका काय करणार?’ आणि दुसरं, ‘आपली संमती घेतली नाही ना, मग सगळ्यांच्या सह्यांचं निवेदन देऊ, काम थांबलंच पाहिजे.’ ही दोन्ही मतं चुकीची आहेत, आणि दोन्हींमुळे नुकसान होतं ते रहिवाशांचंच. पहिल्यामुळे ते विचारायलाच जात नाहीत. दुसऱ्यामुळे जातात, पण भलत्या वेळी, भलत्या टेबलावर आणि भलता मुद्दा घेऊन.

महाराष्ट्रात अशा कामांच्या तपासणीचा पाया आहे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. त्याखाली डिसेंबर २०२० पासून राज्यातल्या बहुतेक शहरांना एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. बांधकाम क्षेत्रात तिला सगळे ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. बृहन्मुंबईची नियमावली वेगळी आहे, म्हणून पुढचं सारं मुंबईबाहेरच्या महापालिकांना धरून लिहिलं आहे.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण घेऊ. तीन मजली संकुल आहे. खाली दुकानं, वर बँक, दोन दवाखाने आणि क्लासेस. मालकाने लगतचा बारा गुंठ्यांचा निवासी प्लॉट विकत घेतला आहे. त्यावर इमारत बांधायची नाही, फक्त पेव्हर ब्लॉक टाकून गाड्या लावायच्या आहेत.

‘बांधकामच नाही, तर परवानगी कशाची?’

हा सर्वांत पसरलेला गैरसमज. कायद्याला ‘विकास’ म्हणजे फक्त विटा-सिमेंटची इमारत अभिप्रेत नाही. अधिनियमाच्या कलम २(७) मधल्या व्याख्येत जमिनीवर, जमिनीखाली किंवा जमिनीच्या वर केलेलं अभियांत्रिकी काम येतं, तसाच जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरात केलेला ठळक बदलही येतो. घरासाठी असलेला प्लॉट दुकानांच्या गाड्यांसाठी वापरणं हा असा बदल आहे, मग वर छप्पर असो वा नसो. आहे त्या पार्किंगची फरशी बदलली, पट्टे नव्याने मारले, ही किरकोळ कामं निराळी. पण नवा प्लॉट जोडायचा, नवं गेट काढायचं, रॅम्प किंवा शेड उभारायची, तर कलम ४४ खाली अर्ज करावा लागतो, दोन प्लॉटांच्या एकत्रीकरणाचा प्रश्न येतो आणि मूळ इमारतीचा सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. त्या निवासी विभागात, तेवढ्या रुंदीच्या रस्त्यावर हा वापर चालतो का, हा पहिला प्रश्न नगररचनेचा असतो. उत्तर ‘नाही’ असेल तर बाकीची फाइल उघडण्यात अर्थच उरत नाही.

याच्याच जोडीला आणखी एक समज असतो: पार्किंग एफएसआयमध्ये धरत नाहीत, म्हणजे ते मोजलंच जात नाही. एफएसआयच्या हिशेबात सवलत मिळते, हे बरोबर. पण केंद्राच्या २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत बांधकाम क्षेत्राचा हिशेब वेगळा आहे. तिथे तळघरासह सगळ्या मजल्यांचं आच्छादित क्षेत्र एकत्र मोजतात, आणि ते २०,००० चौरस मीटरपर्यंत पोचलं की आधी पर्यावरण मंजुरी लागते. म्हणून मोठा मॉल बहुमजली पार्किंग वाढवतो तेव्हा ‘हे एफएसआयमध्ये नाही’ या उत्तरावर समाधान मानू नये.

‘मोकळी जागा म्हणजे आयतं पार्किंग’

नकाशावर कोरी दिसणारी जागा क्वचितच खरोखर कोरी असते. इमारतीभोवतीची सामासिक अंतरं उजेड-वाऱ्यासाठी असतात, तशीच अग्निशमनाच्या गाडीसाठीही असतात. उंच इमारतींभोवती सहा मीटर मोकळा, पक्का रस्ता हवा आणि त्याने ४५ टनांपर्यंतच्या अग्निशमन वाहनाचा भार पेलला पाहिजे, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. नेमक्या याच पट्ट्यात रोज दहा-वीस मोटारी लावलेल्या असतात. प्रस्तावित नकाशात नवे स्लॉट या पट्ट्यात आखले असतील, तर तो हरकतीचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे, कारण त्यावर कोणाला मतभेद करता येत नाहीत. टेप लावून मोजता येणारी ती गोष्ट आहे.

चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के जागा मनोरंजनाची मोकळी जागा म्हणून राखावी लागते. तिच्यावर गाड्या लावण्याची मुभा नसते. अपंगांसाठीची सोयही नियमात स्पष्ट आहे: प्रवेशद्वारापासून तीस मीटरच्या आत दोन मोटारींची जागा, आणि तिची रुंदी ३.६० मीटर. नेहमीचा स्लॉट अडीच मीटर रुंद असतो. हा जवळपास एक मीटरचा फरक व्हीलचेअर बाहेर काढण्यासाठी आहे. विस्ताराच्या आराखड्यात सर्वांत आधी गायब होते ती हीच जागा, आणि तक्रार करायला जाणाऱ्यांच्या यादीत ती कधी नसते, याचं वाईट वाटतं.

आता पाणी. आपल्या उदाहरणातला बारा गुंठ्यांचा प्लॉट म्हणजे सुमारे १,२०० चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर या एका प्लॉटवर ६०,००० लिटर पाणी पडतं. म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर, एका तासात. प्लॉट मातीचा होता, त्यावर गवत आणि चार झाडं होती, तोवर यातलं बरंच पाणी मुरायचं, थबकायचं, सावकाश निघायचं. सगळीकडे सिमेंटवर बसवलेले ब्लॉक आले की जवळजवळ सगळं पाणी उताराच्या दिशेने धावतं, आणि तो उतार सहसा शेजारच्या सोसायटीच्या गेटाकडे असतो. पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या किंवा वाढीव बांधकामाला पाऊसपाणी संकलनाची अट आहे. पण अट कागदावर असणं वेगळं आणि शोषखड्डा प्लॉटच्या सखल कोपऱ्यात असणं वेगळं. नकाशात तो उंच कोपऱ्यात दाखवला असेल, तर पाणी तिथे कसं जाणार, हे विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही.

झाडांच्या बाबतीतही ‘मालकाची झाडं’ हा समज टिकून आहे. शहरी भागात खासगी जागेतलं झाड तोडायलाही १९७५ च्या झाडांच्या जतन कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि तोडल्या जाणाऱ्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट घातली. झाड न तोडता त्याच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट भिडवणं ही मधली वाट अनेक जण काढतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीत बुंध्याभोवतीचं एक मीटरमधलं काँक्रीट काढायला लावलं होतं, कारण मुळांना हवा-पाणी मिळालं नाही तर झाड कुऱ्हाडीविनाच मरतं. नकाशावर बुंध्याभोवती मोकळी माती दाखवली आहे का, हे म्हणूनच पाहायचं.

‘साठ दिवसांत उत्तर नाही, म्हणजे मंजूर’

हा समज मालकांचा आणि काही वास्तुविशारदांचाही. कलम ४५ मध्ये मानीव परवानगीची तरतूद आहे, हे खरं. पण साठ दिवस मोजायचे ते अर्ज मिळाल्यापासून, किंवा महापालिकेने मागवलेल्या खुलाशाचं उत्तर मिळाल्यापासून, यातलं जे नंतरचं असेल तिथून. शिवाय काम नियमावलीशी आणि विकास आराखड्याशी सुसंगत असेल तरच ती परवानगी टिकते. नियमाविरुद्धचं काम केवळ मुदत संपली म्हणून कायदेशीर होत नाही.

‘शेजाऱ्यांची सुनावणी घेतल्याशिवाय परवानगी देताच येत नाही’

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळा मनस्ताप याच समजातून होतो. अमेरिकेत पार्किंगच्या अशा विस्तारावर अनेक गावांत नियोजन मंडळापुढे जाहीर सुनावणी होते, शेजारी उठून बोलतात आणि मग मतदान होतं. आपल्याकडे बांधकाम परवानगीच्या टप्प्यावर अशी सुनावणी नाही. पर्यावरण मंजुरी लागली तरी इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलेलं आहे. लोकांना हरकत घेण्याची संधी विकास आराखडा तयार होताना मिळते आणि कलम ३७ खाली त्यात फेरबदल होताना मिळते. त्या वेळी एक महिना सूचना-हरकती मागवतात. एकदा आराखड्याने ‘या विभागात हा वापर चालेल’ म्हटलं, की पुढची तपासणी नियमांच्या चौकटीत, कार्यालयात, फाइलवर होते. आराखड्याच्या वेळी एकही हरकत न घेणारे भाग दहा वर्षांनी जेसीबीपुढे आडवे होतात, हे आपल्या शहरांचं मोठं दुखणं आहे.

नगरसेवकाचं पत्रही परवानगी देत नाही आणि थांबवतही नाही. हा अधिकार आयुक्तांचा, आणि त्यांनी सोपवलेल्या बांधकाम परवानगी विभागातल्या अधिकाऱ्यांचा. २०२२ नंतर राज्यातल्या बहुतेक महापालिकांवर प्रशासक होते, सभागृहं रिकामी होती, तरी नकाशे मंजूर होत होते, ते याचमुळे. नगरसेवकाचा उपयोग पाठपुराव्याला होतो, तेवढाच धरावा.

मग शेजाऱ्यांच्या हाती काहीच नाही का? आहे, पण ते सह्यांच्या संख्येवर चालत नाही. झाडं तोडायची असतील तर वर्तमानपत्रात जाहिरात आणि झाडावर नोटीस लावावीच लागते, आणि त्यावर लेखी हरकत घेता येते. मुदत सात दिवसांची, म्हणून नोटीस दिसली त्याच दिवशी फोटो काढावा. परवानगी मिळाल्यावर जागेवर ठळक फलक लावणं बंधनकारक आहे. त्यावर मालकाचं आणि वास्तुविशारदाचं नाव, परवानगीचा क्रमांक, तारीख आणि मंजूर नकाशे कुठे पाहायला मिळतील तो पत्ता हवा. फलक नसेल तर पहिली तक्रार त्याचीच करावी. ती साधी आहे आणि तिला उत्तर द्यावंच लागतं.

आणि सर्वांत कमी वापरलं जाणारं साधन: २०१८ च्या शासन निर्णयानुसार महापालिकांसह स्थानिक कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. तिथे काम झालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा आणि तीस दिवसांच्या मुदतीचा, आहेच. मालकाने परवानगीच्या अर्जात झाड, नाला, रस्त्याची रुंदी लपवली असेल, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २५८ खाली आयुक्त परवानगी रद्द करू शकतात. नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ चं अपील मात्र परवानगीच्या अर्जदारासाठी आहे. शेजाऱ्याने त्यात वेळ घालवू नये.

‘जितकं पार्किंग जास्त, तितकी कोंडी कमी’

पटण्यासारखं वाटतं, पण तसं घडत नाही. उघड्यावरच्या एका मोटारीला वळण-वाट धरून सुमारे २३ चौरस मीटर लागतात, म्हणजे आपल्या बारा गुंठ्यांवर कागदोपत्री बावन्न मोटारी. त्या बावन्न मोटारी एकाच गेटातून, संध्याकाळी क्लासेस सुटण्याच्या तासाला, नऊ मीटरच्या गल्लीत उतरल्या तर गल्लीची कोंडी वाढणारच. स्लॉट किती, यापेक्षा गेट कुठे, आत येणं आणि बाहेर जाणं वेगळं आहे का, गाड्यांची रांग आवाराच्या आत मावते की फुटपाथवर उभी राहते, यावर रस्त्याचं भवितव्य ठरतं. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या प्रवासाला केंद्रस्थानी ठेवा म्हटलं होतं. नियमावलीतला पार्किंगचा आकडा मात्र किमान गरजेचा असतो, आणि मालक, अधिकारी, ग्राहक सगळे तो वाढवण्यातच हित मानतात. मला यात धोरणाचाच दोष दिसतो. पण तो बदलेपर्यंत गेटाच्या जागेवर आणि फुटपाथ किती लांबीचा कापला जाणार यावर तरी आग्रह धरता येतो. मोठ्या प्रस्तावात वाहतूक शाखेचा अभिप्राय मागवलेला असेल, तर तो फाइलमध्ये शोधावा.

‘एकदा मंजूर झालं, की विषय संपला’

उलट, खरी गडबड पुढेच होते. पार्किंग म्हणून मंजूर जागेत वर्षभरात गोदाम, जनरेटर, चहाची टपरी किंवा दुकानाचं एक्स्टेन्शन येतं. मंजूर वापराविरुद्ध जाणं हा कलम ५२ खाली दंडनीय गुन्हा आहे, आणि कलम ५३ खाली ते काढून टाकण्याची नोटीस देता येते. अशा तक्रारीसोबत मंजूर नकाशाची प्रत आणि तारखेसह फोटो जोडले, तर ‘पाहणी करून कळवू’ या उत्तरावर फाइल बंद करणं अधिकाऱ्याला अवघड जातं.

तुमच्या शेजारी असं काम सुरू होत असेल, तर निवेदनाचा मसुदा लिहायला बसण्याआधी येत्या सोमवारी तीन वाजता दोघं-तिघं मिळून बांधकाम विभागात जा. मंजूर नकाशा मागा आणि त्यावर पाच गोष्टी शोधा: गेट, सामासिक अंतर, झाडं, शोषखड्डा आणि अपंगांची जागा. यातलं जे नसेल किंवा चुकीच्या जागी असेल, तेवढंच लिहून, त्या नियमाचा उल्लेख करून तक्रार द्या आणि पोच घ्या.