‘ट्रेनी’ आणि ‘अप्रेंटिस’ एकच नव्हेत

हरियाणातल्या मानेसरला मारुती सुझुकीसह वाहन उद्योगातले अनेक कारखाने आहेत. अशा कारखान्यांत अर्ज करताना नवे इंजिनिअर ‘ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी’ आणि ‘ग्रॅज्युएट अप्रेंटिस’ या जागा सारख्याच समजतात. दोन्हीकडे शिकायचंच असतं, त्यामुळे हा गोंधळ साहजिक आहे.

ट्रेनी हा सहसा कंपनीचा कर्मचारीच असतो. त्याला पगार मिळतो आणि प्रशिक्षणानंतर कामगिरी पाहून कायम केलं जातं. अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) मात्र १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली ठरावीक मुदतीचा करार करतो. कायद्याच्या लेखी तो कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी असतो. त्याला विद्यावेतन (शिकण्याच्या काळातला मासिक भत्ता) मिळतं.

हा फरक असा समजा: खानावळीत नवा आचारी शिकतो आणि स्वयंपाकाच्या वर्गातला विद्यार्थीही शिकतो. खानावळीच्या हजेरीपटावर नाव मात्र आचाऱ्याचंच असतं.

अप्रेंटिसची मुदत संपली की नोकरी पक्की, हा समज चुकीचा आहे. प्रमाणपत्र आणि अनुभव मिळतो, तो पुढे उपयोगीही पडतो. पण कायदा नोकरीची हमी देत नाही.

म्हणून मानेसरचं तिकीट काढण्याआधी कंपनीच्या निवडपत्रात ‘वेतन’ लिहिलंय की ‘विद्यावेतन’, एवढं नक्की वाचा.