विश्लेषण : घरी मोठा मॉनिटर, मेट्रोत हलका लॅपटॉप... निवडताना आधी पोर्ट का पाहावा?

वर्सोवा, सात बंगला, यारी रोड या पट्ट्यातील लहान घरांत टेबलावर मोठा मॉनिटर आणि शेजारी मिटलेला लॅपटॉप, ही मांडणी आता नवी राहिलेली नाही. मालिकांचे लेखन, व्हिडीओ एडिटिंग, कोडिंग, हिशेब अशी कामे करणारे अनेक जण काही दिवस घरून काम करतात आणि काही दिवस तोच लॅपटॉप घेऊन कार्यालय गाठतात. असा लॅपटॉप घेताना बहुतेकांचे लक्ष वजन, स्क्रीन आणि प्रोसेसरकडे असते. घरी आणून मॉनिटरला जोडल्यावर मात्र गाडी अडते ती नखाएवढ्या पोर्टपाशी. हे पोर्टचे गणित नेमके काय, ते समजून घेऊ.

मॉनिटरवरच काम, तर हलका लॅपटॉप कशासाठी?

उरलेल्या दिवसांसाठी. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. ११.४ किलोमीटरच्या या मार्गावर १२ स्थानके आहेत. चकाला, एअरपोर्ट रोड, मरोळ नाका, साकीनाका या भागांतील कार्यालयांत जाणारे आणि अंधेरी किंवा घाटकोपरला लोकल पकडणारे गर्दीच्या वेळी बॅग पोटाशी धरून उभे असतात. १५.६ इंची साधा लॅपटॉप बहुधा १.७ ते २ किलोचा असतो. गेमिंग लॅपटॉप सव्वादोन किलोच्या पुढे जातो आणि त्याच्या जाड चार्जरचे वजन वेगळे. याउलट १३-१४ इंची हलके लॅपटॉप साधारण १.२ ते १.४ किलोचे असतात.

घरी लॅपटॉपची स्क्रीन मिटलेलीच राहणार असेल, तर १६ इंची किंवा महागड्या ओलेड स्क्रीनसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. ते पैसे मॉनिटर आणि रॅमवर खर्च करावेत. बहुतांश हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. शिवाय वेगळे ग्राफिक्स कार्ड नसल्याने मॉनिटरवरील चित्रासाठीही हीच रॅम वापरली जाते. त्यामुळे सुरुवातीलाच १६ जीबी घेणे शहाणपणाचे.

सगळे टाइप-सी पोर्ट सारखेच नसतात का?

दिसायला सारखे, कामाला वेगळे. टाइप-सी हे फक्त पोर्टच्या आकाराचे नाव आहे. या आकाराचे मानक २०१४ मध्ये आले. या पोर्टमधून तीन कामे होऊ शकतात : डेटा पाठवणे, मॉनिटरला चित्र पुरवणे आणि लॅपटॉप चार्ज करणे. यांपैकी कोणती कामे द्यायची, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. स्वस्त मॉडेलमध्ये अनेकदा फक्त डेटाची सोय असते. अशा पोर्टला मॉनिटर जोडला की ‘नो सिग्नल’ एवढेच दिसते. केबल बदलून किंवा साधा हब लावून उपयोग होत नाही, कारण पोर्टमधून चित्र बाहेर पडतच नाही.

म्हणून स्पेसिफिकेशनमध्ये टाइप-सीपुढे दोन शब्द शोधावेत. ‘डिस्प्लेपोर्ट’ म्हणजे चित्र मिळेल आणि ‘पॉवर डिलिव्हरी’ म्हणजे चार्जिंग होईल. पोर्टशेजारी विजेच्या बाणासारखी थंडरबोल्टची खूण असेल तर चित्राची सोय असतेच. थंडरबोल्ट ४ असेल तर दोन ४के मॉनिटरपर्यंतची हमी मिळते.

एका केबलने काय साधते?

टाइप-सी मॉनिटर त्याच केबलमधून लॅपटॉपला वीज देतो आणि लॅपटॉपकडून चित्र घेतो. अशा बऱ्याच मॉनिटरना यूएसबी पोर्टही असतात. की-बोर्ड आणि माऊस कायमचे तिथे जोडून ठेवता येतात. घरी आल्यावर एक केबल लावायची, निघताना एक काढायची. लॅपटॉपचा चार्जर बॅगेतून बाहेर काढावाच लागत नाही, त्यामुळे तो घरी विसरण्याचा प्रश्नही मिटतो.

असा मॉनिटर साध्या एचडीएमआय मॉनिटरपेक्षा महाग असतो. घेताना तो किती वॉट देतो ते पाहावे. हलक्या लॅपटॉपचे चार्जर बहुधा ४५ ते ६५ वॉटचे असतात, हा आकडा चार्जरवर छापलेला असतो. मॉनिटर तेवढे वॉट देत नसेल तर जड कामाच्या वेळी बॅटरी उतरू लागते. युरोपीय संघाने तिथे विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपना टाइप-सी चार्जिंग सक्तीचे करण्यासाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. त्यामुळे हा पोर्ट आता हौसेचा भाग राहिलेला नाही.

फक्त एचडीएमआय असेल तर?

काम होते, पण आवृत्ती पाहावी. एचडीएमआय १.४ मधून ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच ताजे होते. माऊसचा बाण अडखळतो, मजकूर वर-खाली सरकवताना डोळ्यांना त्रास होतो. २०१३ मध्ये आलेल्या एचडीएमआय २.० मधून ४के चित्र ६० हर्ट्झने मिळते. फुल एचडी मॉनिटरसाठी मात्र जुनी आवृत्तीही पुरेशी आहे.

हीच अडचण स्वस्त टाइप-सी हबमध्येही येते. केबलमधील निम्म्या वाहिन्या यूएसबी डेटासाठी राखल्याने चित्राला जागा कमी उरते. हबच्या खोक्यावर नुसते ‘४के’ लिहिले असेल तर ‘६० हर्ट्झ’ही लिहिले आहे का, हे पाहूनच पैसे द्यावेत.

दोन मॉनिटर लावायचे असतील तर?

इथे मॅकबुक एअरचे उदाहरण बोलके आहे. २०२० चे एम१ आणि २०२२ चे एम२ मॉडेल थेट एकच बाहेरचा मॉनिटर चालवते. २०२४ चे एम३ मॉडेल दोन चालवते, पण झाकण मिटल्यावरच. २०२५ च्या एम४ मॉडेलमध्ये झाकण उघडे ठेवूनही दोन मॉनिटर चालतात. जुने किंवा सवलतीतील मॉडेल घेताना हा फरक लक्षात ठेवावा. विंडोज लॅपटॉपमध्येही मॉनिटरची संख्या मॉडेलनुसार बदलते, कंपनीच्या संकेतस्थळावर ती पाहता येते.

मॉनिटर किती मोठा घ्यावा?

आकार आणि रिझोल्युशन एकत्र पाहावे. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर एका इंचात सुमारे ९२ ठिपके येतात. तेच रिझोल्युशन २७ इंचांवर ताणले की सुमारे ८२ ठिपके उरतात आणि अक्षरे भुरकट वाटतात. देवनागरीत मात्रा, रफार, जोडाक्षरे असल्याने दिवसभर मराठी मजकूर वाचणाऱ्यांना हे लगेच जाणवते. २७ इंच घ्यायचे तर किमान क्यूएचडी, म्हणजे २५६० बाय १४४० निवडावे. त्यात सुमारे १०९ ठिपके मिळतात. मॉनिटर हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवावी, म्हणजे मान झुकत नाही.

झाकण मिटून वापरल्यास धोका आहे का?

नाही, पण हवा खेळती हवी. पातळ लॅपटॉपमध्ये पंखा लहान असतो, काहींत नसतोच. पुस्तकांच्या फटीत किंवा गादीवर ठेवला तर तो तापतो आणि वेग आपोआप कमी करतो. उभा स्टँड किंवा मोकळे टेबल बरे. मॅकबुक मिटून चालवण्यासाठी चार्जिंग सुरू असावे लागते. विंडोजमध्ये झाकण मिटल्यावर ‘काही करू नये’ हा पर्याय निवडावा लागतो.

दुसरा मुद्दा बॅटरीचा. लॅपटॉप सतत मॉनिटरला जोडलेला, म्हणजे बॅटरी कायम १०० टक्क्यांवर. लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य पूर्ण चार्ज आणि उष्णता या दोन्हींमुळे घटते. अनेक कंपन्यांच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती सुरू करावी. समुद्राजवळच्या घरात खारी, दमट हवा धातूच्या पिनांना गंज आणते. त्यामुळे टेबल थेट उघड्या खिडकीखाली नसावे.

खरेदी करताना काय विचारावे?

लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जात असाल, तर दुकानातच लॅपटॉप टाइप-सी केबलने मॉनिटरला जोडून दाखवायला सांगावे. चित्र आणि चार्जिंग दोन्ही दिसले पाहिजे. त्यासाठी मॉडेलचे पूर्ण नाव आणि क्रमांक पाहावा, कारण एकाच मालिकेतील दोन मॉडेलचे पोर्ट वेगळे असू शकतात.

ऑनलाइन खरेदीत धोका अधिक. पोर्टमधून चित्र येत नाही हा बिघाड नसतो, तो त्या मॉडेलचा गुणधर्म असतो. त्यामुळे ‘खराब वस्तू’ म्हणून परत करणे अवघड जाते. मात्र विक्रेत्याने पानावर ती सोय असल्याचे लिहिले असेल तर बाजू ग्राहकाची. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्ये नसलेली वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. म्हणून ऑर्डर देण्यापूर्वीच त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.