लवचीक घे, पडलीस तरी हसशील!

"ताई, या स्की घालून तू पार्कमध्ये जाणार? इन्शुरन्स काढलायस ना नक्की?"

झुरिकला आयटीत असलेला माझा मावसभाऊ माझ्या नव्याकोऱ्या स्कीकडे बघत विचारत होता. मी आपली तोऱ्यात! गुलमर्गला बेसिक कोर्स केला, वेड लागलं आणि दोन महिन्यांचं मानधन ओतून सेलमध्ये जोडी उचलली. मोबाईल घेतो तशीच. म्हणजे परवडेल त्यात सगळ्यात 'भारी' ती आपली. कडक, जड, वेगासाठी बनवलेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही लाक्सला पोचलो. स्वित्झर्लंडमधलं हे गाव म्हणजे फ्रीस्टाइलवाल्यांची पंढरी. इथला हाफपाइपच 200 मीटर लांब! मी मात्र नवशिक्यांच्या कोपऱ्यात, गुडघ्याएवढ्या उंच बॉक्सवर चढले. धारदार कड अडकली, मी गर्रकन उलटी फिरले, स्कीचं सपाट शेपूट बर्फात रुतलं आणि... धप्प! मनगट मुरगळलं. आठवडाभर टायपिंग बंद, दोन डेडलाइन्स गेल्या. फ्रीलान्सरला सिक लीव्ह नसते, बॉस!

मऊ म्हणजे कच्ची नव्हे

मनगट बरं झाल्यावर भावाने भाड्याच्या दुकानातून वेगळी जोडी आणली. दोन्ही टोकं वर वळलेली, म्हणजे ट्विन टिप. 1990 च्या दशकाच्या अखेरीस सॅलोमनची 'टेनएटी' आली आणि या प्रकाराने जोर धरला. 2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये तर स्की स्लोपस्टाइलही पोचली. मागचं टोकही वळलेलं असल्याने उलटं उतरलं तरी ते बर्फात रुतत नाही. माझं मनगट वाचलं असतं ते इथेच!

दुसरा फंडा फ्लेक्सचा. चांगल्या 'प्लेफुल' स्कीची टोकं मऊ असतात आणि पायाखालचा भाग थोडा घट्ट. पुढे झुकून वजन टाकलं की टोक वाकतं, शेपूट उचललं जातं आणि त्यावर गिरकी घेता येते. याला म्हणतात 'बटर'. कडक स्की वाकवायला वेग, ताकद आणि अनुभव लागतो. माझ्याकडे तिन्हींची बोंब! मऊ स्की मात्र माझ्यासारखीच्या वजनालाही दाद देते. सपाट बर्फावर पहिलं अर्धंमुर्धं बटर जमलं, पुढच्याच क्षणी मी पडले आणि पडल्या पडल्या हसत सुटले. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच.

आर्माडाने फिल कॅसाबॉनच्या 'बीडॉग' आणि हेन्रिक हार्लॉटच्या 'एडोलो' काढल्या, त्या याच खेळकर घराण्यातल्या. लाइनची 'ब्लेंड'सुद्धा. पण नावावर जाऊ नका. कारण मऊपणाची किंमतही असते. जोरात निघालात तर टोकं फडफडतात, कडक बर्फावर पकड कमी पडते आणि मोठ्या जंपवरून मागे झुकून उतरलात तर मऊ शेपूट सावरत नाही. मोठ्या किकरचीच हौस असेल तर मध्यम फ्लेक्स बरा.

दुकानात जाण्याआधी

• हाताने वाकवा: शेपूट जमिनीवर टेकवा, एका हाताने टोक धरा, दुसऱ्याने मध्ये दाबा. दोन-तीन जोड्या अशा दाबल्या की फरक हातालाच कळतो.

• कंबर मोजा: पायाखालची रुंदी 85 ते 95 मिलिमीटर असेल तर पार्कमध्ये स्की चटपटीत वळते. एकच जोडी घेऊन गुलमर्गच्या भुसभुशीत बर्फातही जायचंय? मग 100 च्या आसपास बघा.

• लांबी: हनुवटी ते डोक्याचा माथा यांच्या दरम्यान. टोकं बरीच वर उचललेली असतील तर थोडी लांब चालते.

• बाइंडिंग कुठे?: मध्याजवळ बसवलं तर गिरक्या आणि उलटं जाणं सोपं. पण खोल बर्फात पुढचं टोक बुडायला लागतं. भोकं पाडायच्या आधी ठरवा!

• कडा: रेल आणि बॉक्सवर जायचं तर पायाखालची धार थोडी बोथट करून घ्या. कडा जाड असतील तर ठोकेही जास्त सोसतात.

• आधी भाड्याने: दोन दिवस वापरून बघा, मगच कार्ड काढा.

माझी ती 'भारी' जोडी भावाच्या तळघरात पडून आहे. वाईट स्की नाहीत हो त्या, फक्त माझ्या नाहीत. ज्या स्कीपटूसाठी त्या बनवल्यात, ती मी कदाचित पाच वर्षांनी होईन, कदाचित कधीच नाही. तोपर्यंत मला वाकणारी जोडी हवी. निघताना भाऊ म्हणाला, "ताई, पुढच्या वर्षी रेल?"

मनगट एकदा फिरवून बघितलं. "आधी बटर. मग बघू!"