झडीच्या दिवसांतील कॅमेरा

वाशीम जिल्ह्यात हिमवर्षाव होत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर क्वचित गारपीट होते, आणि आकाशातून पडणाऱ्या बर्फाशी येथील माणसाचा परिचय तेवढ्यावरच थांबतो. पावसाचे मात्र तसे नव्हे. आषाढ-श्रावणात एकदा झड लागली, की सूर्यदर्शन दुर्लभ होते, भिंतींना ओल चढते, काळ्या जमिनीचा चिखल पावलोपावली पायाला धरून ठेवतो. आणि नेमक्या याच दिवसांत या भूमीवर छायाचित्रणास योग्य असे वैभव सर्वाधिक असते. कारंजा-सोहोळ अभयारण्यातील माळ हिरवागार होऊन त्यावर काळविटे चरू लागतात, पैनगंगा आणि अडाण भरून वाहतात, आणि पोळ्याच्या दिवशी झुली-बाशिंगांनी शृंगारलेले बैल तोरणाखाली उभे राहतात आणि झडत्यांच्या गाण्यांना रंग चढतो.

शिवाय कॅमेरा हा आता केवळ हौसेचा जिन्नस उरलेला नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन आपल्या पिकाचे छायाचित्र मोबाइलवर घ्यावयाचे असते. गारपिटीने अथवा शेतात पाणी साचून सोयाबीन गेले, तर पंचनाम्याच्या वेळी स्वच्छ छायाचित्र जवळ असलेले बरे. ज्या भिंगावर धुके धरले आहे त्याने घेतलेले चित्र अशा वेळी काय कामाचे? म्हणून हा विषय शहरातील छायाचित्रकाराइतकाच रिसोड-मानोऱ्याकडील कास्तकाराचाही आहे, असे मी मानतो.

पाण्याच्या थेंबाची भीती सर्वांनाच असते, आणि तिच्यावरचा उपाय स्वस्त आहे. जाड प्लास्टिकच्या पिशवीच्या तळाला भिंगापुरते छिद्र पाडावे, भिंगापुढील गोल छत्रीची कड त्यातून बाहेर काढून रबराने पक्की आवळावी, आणि पिशवीच्या मोकळ्या तोंडातून हात आत घालून काम करावे. भर पावसात भिंग बदलू नये, आणि कॅमेऱ्याची पाठ वाऱ्याकडे ठेवावी. चिखल उडाला तर तो लगेच पुसण्याचा मोह आवरावा, कारण मातीतील बारीक कण रुमालाखाली फिरून काचेवर ओरखडे पाडतात. आधी ते हवेच्या फुग्याने उडवावे किंवा मऊ कुंचल्याने झाडावे, मगच सुती कापड लावावे. मोबाइलवर ‘आयपी ६७’ असा दाखला असला, तरी त्याचा अर्थ इतकाच, की नव्या यंत्राने एक मीटर खोल गोड्या पाण्यात ३० मिनिटे तग धरली. वापराने सांध्यांतील रबर झिजत जाते, म्हणून त्या दाखल्यावर भिस्त ठेवून मोबाइल पावसात उघडा धरू नये. भिजलाच, तर तो बंद करावा, चार्जिंगला लावू नये, आणि तांदळाच्या डब्यात पुरण्याचा प्रचलित उपाय टाळावा, कारण तांदळाची पूड छिद्रांत जाऊन बसते.

परंतु थेंबाहून बाष्प अधिक घातक आहे, आणि त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. हवेचे तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर सुमारे २६ अंशांपर्यंत गार झालेल्या कोणत्याही वस्तूवर दव धरते. त्यामुळे वातानुकूलित गाडीतून एकाएकी बाहेर काढलेला कॅमेरा पाऊस नसतानाही आतून-बाहेरून घामेजतो. हिमप्रदेशातील न्याय हाच, केवळ दिशा उलटी. स्कॉटच्या १९१० च्या अंटार्क्टिका मोहिमेतील छायाचित्रकार हर्बर्ट पाँटिंग आपले कॅमेरे उबदार झोपडीत आणण्याऐवजी बाहेरच्या थंडीतच ठेवीत असे, कारण आत आणताच त्यांच्यावर पाणी साचे. आज वाशीमची जी मंडळी काश्मीर-मनालीला जातात, त्यांनी खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेऱ्यावरील हिम कुंचल्याने झाडून तो पिशवीत घट्ट बंद करावा आणि खोलीच्या तापमानास येईपर्यंत, एक-दोन तास, उघडू नये. म्हणजे दव पिशवीच्या बाहेरच्या अंगावर धरते. हिम फुंकरीने उडवू नये, श्वासातील बाष्प काचेवर गोठते. बॅटरी थंडीत लवकर उतरते, यास्तव एक जास्तीची बॅटरी अंगरख्याच्या आतल्या खिशात असावी.

खरा घात मात्र घरी परतल्यावर, कपाटात होतो. दमट, अंधाऱ्या जागी, विशेषतः चामड्याच्या पेटीत, भिंगावर बुरशी धरते. तिचे तंतू काचेवर जाळे पसरतात आणि तिच्यातून पाझरणारी आम्ले भिंगावरील लेप, पुढे प्रत्यक्ष काचही, कोरतात. तो डाग मग कोणत्याही पुसण्याने जात नाही. यावरचा बंदोबस्त म्हणजे घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक लहानसे आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. रंगाने सूचना देणारे निळे दाणे गुलाबी झाले, की ते ओलाव्याने तृप्त झाले असे समजावे आणि सुमारे १२० अंशांच्या उष्णतेवर तापवून पुन्हा वापरावेत. तापविण्याचे हे काम स्वयंपाकाच्या भांड्यांत मात्र करू नये. कॅमेरा महिनोन्‌महिने तसाच पडू देऊ नये. दर आठवड्याला तो बाहेर काढून हाताळावा, थोडा उजेड आणि वारा त्याला लागू द्यावा.

लग्नसराई संपल्यावर सामान कपाटात टाकून दसऱ्यापर्यंत विसरून जाण्याचा शिरस्ता आपल्याकडील अनेक छायाचित्रकारांत आहे, आणि बुरशीला तेवढाच अवधी पुरतो. मृगाच्या आधी हा डबा तयार करून ठेवा. त्याची किंमत भिंगाच्या किमतीच्या मानाने नगण्य आहे.