गुप्तता राखून खरी आकडेवारी



देणगीचा विनियोग गरजेच्या प्रमाणात व्हावा, हे धर्मादाय रुग्णालयाच्या कारभाराचे पहिले सूत्र होय. मोतीबिंदूचे वा रक्तक्षयाचे प्रमाण तपासणीतून कळते. दारू, घरातील मारहाण किंवा गर्भपात यांविषयी मात्र माणसे खरे सांगण्यास कचरतात. आपल्या नागपूरला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात तर दारूबंदी आहे. तेथे मद्यपान मान्य करणे म्हणजे गुन्हा कबूल करणे. नरखेड तालुक्यातील गावांतही लोकलज्जा व मुलामुलींच्या सोयरिकीची चिंता आड येते. परिणामी व्यसन कागदावर कमी दिसते आणि व्यसनमुक्तीसाठी तरतूदही अपुरी होते.

मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हाताळलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात याची दखल घेतलेली आहे. कौटुंबिक हिंसेचे प्रश्न घरातील एकाच स्त्रीला आणि एकांतातच विचारले जातात. तरीही तिचे उत्तर विचारणाऱ्याला कळतेच. ते त्यालाही कळू नये, अशी युक्ती स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडली. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील अरिजित चौधुरी व राहुल मुखर्जी यांनी या पद्धतीवर १९८८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला.

तिचे एक सुलभ रूप असे. उत्तर देणाऱ्याने आडोशाला नाणे उडवावे. छापा पडल्यास, वस्तुस्थिती काहीही असो, ‘होय’ म्हणावे. काटा पडल्यास खरे उत्तर द्यावे. आता ‘होय’ ऐकणाऱ्यास ते छाप्यामुळे आले की खरेच, हे सांगता येत नाही.

एकूण हिशेब मात्र लागतो. समजा, ४०० जणांना ‘गेल्या आठवड्यात दारू घेतली काय?’ असे विचारले आणि २६० जणांनी ‘होय’ म्हटले. सुमारे २०० जणांना छापा पडला असणार. ते वजा जाता ६० उरतात. हे ६० काटा पडलेल्या २०० जणांपैकी, म्हणजे प्रमाण सुमारे ३० टक्के. गावाचे सत्य कळले. कोणा एकाचे गुपित फुटले नाही.

या गुप्ततेचे मोल द्यावे लागते. नाण्याच्या अनिश्चिततेमुळे अंदाज सैल होतो. वरील उदाहरणात थेट प्रश्नाइतकी अचूकता हवी असल्यास चौपटीहून अधिक लोकांना विचारावे लागेल. साहजिकच खर्चही वाढेल. शिवाय ‘होय’ म्हणणाऱ्यावर थोडा संशय उरतोच, आणि अविश्वासाने छापा पडूनही ‘नाही’ म्हणणारे आकडा बिघडवतात. थेट विचारून मिळणारा स्वस्त पण खोटा आकडा मात्र अखेरीस अधिक महाग पडतो, असे हिशेब ठेवणारा म्हणून मला वाटते.

एक भेद आप्तेष्टांनी कृपया ध्यानी घ्यावा. ही पद्धत समाजाचे प्रमाण मोजण्यासाठी आहे, रुग्णावरील उपचारासाठी नव्हे. भूल देण्यापूर्वी डॉक्टरांनी व्यसनाविषयी विचारल्यास नाण्याचा आडोसा नको. तेथे खरे उत्तरच रुग्णाचे रक्षण करते. परंतु दारी आलेल्या आरोग्य कार्यकर्त्याने कधी नाणे हाती दिले, तर तो खेळ समजू नये. आपण नियम पाळून दिलेले उत्तर आपले नाव झाकून ठेवील आणि गावाची गरज उघड करील.