रोगकारक जिवाणूंची वसाम्ल-रचना : ओळखीचे साधन आणि त्याच्या मर्यादा

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता अनेक रोगकारक जिवाणू एकसारखे दिसतात. गोल किंवा दंडाकार आकार आणि ग्रॅम रंजनाचा परिणाम यांवरून त्यांचे स्थूल गट पाडता येतात. परंतु जातीची निश्चिती होत नाही. रोगनिदानात ही उणीव गंभीर ठरते, कारण औषधयोजना जिवाणूच्या नेमक्या ओळखीवर अवलंबून असते. म्हणूनच बाह्यरूपाऐवजी कोशिकेच्या रासायनिक घडणीकडे वळण्याचा विचार पुढे आला. चंदीगढ येथे १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतील (इमटेक) वर्गीकरणविषयक संशोधनात या रासायनिक पद्धतीला महत्त्वाचे स्थान आहे. तेथील सूक्ष्मजीव संवर्ध संग्रहाला २००२ मध्ये बुडापेस्ट करारान्वये आंतरराष्ट्रीय निक्षेपस्थानाचा दर्जा मिळाला. जेथे जतन केलेल्या संवर्धाचे नाव हाच पुढील संशोधनाचा आधार असतो, तेथे ओळखीतील चूक पुढच्या प्रत्येक प्रयोगात उतरते.

कोशिकापटल मुख्यतः फॉस्फोलिपिडांचे बनलेले असते आणि त्यांतील वसाम्ले ही कार्बन अणूंची साखळी असते. साखळीची लांबी, तिच्यातील द्विबंध, शाखा, हायड्रॉक्सी गट किंवा त्रिकोणी वलय यांनुसार तिचे प्रकार होतात. कोणती वसाम्ले तयार करावयाची, हे जिवाणूच्या विकरांवर व पर्यायाने त्याच्या जनुकांवर ठरते. त्यामुळे त्यांचे परस्पर प्रमाण ही त्या जिवाणूची एक खूणच असते.

ही खूण वाचण्यासाठी संवर्ध प्रथम अल्कलीयुक्त मिथेनॉलमध्ये तापवून वसाम्ले मोकळी केली जातात. त्यांचे मिथिल एस्टरांत रूपांतर करून ते विद्रावकाने निष्कर्षित केले जातात व वायुवर्णलेखनाने वेगळे केले जातात. जेम्स व मार्टिन यांनी १९५२ मध्ये मांडलेले हे तंत्र १९६३ पासून जिवाणूंच्या वर्गीकरणासाठी वापरले जाऊ लागले.

तुलनेत ठळक भेद दिसतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये शाखायुक्त साखळ्या, विशेषतः १५ कार्बनांच्या, विपुल असतात. एश्चेरिकिया कोलायमध्ये १६ कार्बनांचे सरळ संपृक्त आम्ल, १६ व १८ कार्बनांची असंपृक्त आम्ले आणि वलययुक्त आम्ले आढळतात. ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या बाह्यपटलातील लिपिड-अ या विषारी घटकात हायड्रॉक्सी आम्ले असतात : एश्चेरिकियात ती १४ कार्बनांची, तर स्यूडोमोनस एरुजिनोझात १० व १२ कार्बनांची असतात. लीजिओनेला ग्रॅम-ऋण असूनही शाखायुक्त आम्लांनी समृद्ध असतो. क्षयाच्या जिवाणूत तर ट्युबर्क्युलोस्टिअरिक आम्ल आणि ६० ते ९० कार्बनांची मायकोलिक आम्ले असतात. यांपैकी पहिले आम्ल मेंदूच्या आवरणाच्या क्षयात मस्तिष्क-मेरुद्रवात शोधता येते, हे १९८३ मध्ये दाखविण्यात आले. ज्या रोगात संवर्ध वाढण्यास आठवडे लागतात आणि विलंब प्राणघातक ठरतो, तेथे या निरीक्षणाचे मोल सहज ध्यानी येते.

तथापि ही खूण अपरिवर्तनीय नाही. तापमान उतरले की पटलाची प्रवाहिता टिकविण्यासाठी अनेक जिवाणू असंपृक्त आम्लांचे प्रमाण वाढवितात. संवर्ध जुना झाला की एश्चेरिकियात असंपृक्त आम्लांचे रूपांतर वलययुक्त आम्लांत होते. म्हणून माध्यम, तापमान व संवर्धाचे वय समान राखल्याखेरीज केलेली तुलना निरर्थक होय. शिवाय जवळच्या आप्तांत भेद पुसट असतात. एश्चेरिकिया व शिगेला या पद्धतीने विश्वासार्हपणे वेगळे होत नाहीत. अँथ्रॅक्सचा बॅसिलस अँथ्रॅसिस आणि अन्नविषबाधा करणारा बॅसिलस सेरियस यांची वसाम्ले अत्यंत सारखी असतात. त्यांच्यातील रोगकारकतेचा मोठा भेद प्लाझ्मिडांवर अवलंबून असतो, पटलावर नव्हे.

यावरून असे म्हणता येईल की, वसाम्लांचे साम्य नात्याचा संकेत देते, परंतु एकरूपतेचा पुरावा ठरत नाही. म्हणूनच आज १६-एस आरआरएनए जनुकक्रम, जीनोम आणि वस्तुमान-वर्णपटमिती यांच्या जोडीनेच ही पद्धत वापरली जाते. नव्या जातीचे वर्णन करताना मात्र वसाम्लांचा आलेख अजूनही दिला जातो; कारण जनुकक्रम जिवाणूची क्षमता सांगतो, तर वसाम्ले त्याने प्रत्यक्षात काय घडविले याची साक्ष देतात.