स्पोर्ट्स कारची निवड व खरेदी (महाराष्ट्र)

स्पोर्ट्स कार म्हणजे प्रवासी किंवा सामान वाहून नेण्याच्या सोयीपेक्षा वेग, पकड, वळणावरील नियंत्रण व चालवण्याचा आनंद यांना प्राधान्य देऊन बांधलेली मोटार होय. तिला बहुधा दोन दारे व दोन, किंवा नावापुरत्या चार, बैठका असतात. तिचा गुरुत्वमध्य खाली असतो व वजनाच्या मानाने शक्ती अधिक असते. भारतीय कायद्यात 'स्पोर्ट्स कार' असा स्वतंत्र वर्ग नाही. कर, नोंदणी व विमा यांच्या दृष्टीने ती इतर खाजगी मोटारींसारखीच एक मोटार असते. महाराष्ट्रात अशा गाडीची निवड मुख्यत्वे आयात शुल्क व राज्याचा वाहन कर, जमिनीपासूनची उंची, पावसाळा आणि इंधन या गोष्टींवर ठरते. इंजिनाची शक्ती हा त्यामानाने दुय्यम प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

भारतात स्पोर्ट्स कार बांधण्याचे प्रयत्न थोडे झाले आणि त्यांतील बरेचसे महाराष्ट्र व गोव्याशी निगडित आहेत. १९९८ मध्ये आलेली सॅन स्टॉर्म ही दोन बैठकांची उघडी गाडी गोव्यात बांधली जात असे. तिचे कवच फायबरग्लासचे होते आणि रेनॉचे सुमारे १.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे इंजिन तिला बसवलेले होते. दिसायला ती स्पोर्ट्स कार होती, वेगाच्या बाबतीत मात्र तिला मर्यादा होत्या. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी कंपनीने २०१२ च्या दिल्लीतील वाहन प्रदर्शनात 'अवंती' सादर केली. तिचे २ लिटरचे टर्बो इंजिन चालकाच्या मागे बसवलेले असून ते सुमारे २५० अश्वशक्ती देत असे. २०१५ मध्ये फियाटने रांजणगाव येथील कारखान्यातून १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो बाजारात आणली. ती रूढ अर्थाने स्पोर्ट्स कार नव्हती, पण दहा लाखांच्या आसपास किमतीत तेवढी शक्ती तोवर क्वचितच मिळत होती.

यानंतरचा बाजार प्रामुख्याने आयात गाड्यांचा आहे. फोर्डची मस्टँग २०१६ मध्ये भारतात आली. त्याआधीच्या पिढ्यांमध्ये ती कारखान्यातून उजव्या हाताच्या सुकाणूसह मिळत नसल्यामुळे तिची अधिकृत विक्री येथे शक्य नव्हती. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आणि फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय या वेगवान कौटुंबिक गाड्या २०२५ मध्ये अनुक्रमे १०० व १५० अशा मर्यादित संख्येने आणल्या गेल्या. अशा विक्रीत ग्राहकाला गाडी निवडण्यासाठी फारसा वेळ मिळत नाही. आधी पैसे भरून नोंदणी करावी लागते, चालवून पाहण्याची संधी नंतर मिळते किंवा मिळतही नाही.

किमतीची घडण

परदेशातील किमतीचे रुपयांत रूपांतर करून भारतातील किमतीचा अंदाज बांधणे, ही पहिल्यांदा खरेदी करणाऱ्यांची नेहमीची चूक असते. पूर्णपणे परदेशात तयार होऊन येणाऱ्या आणि ४०,००० डॉलरपेक्षा अधिक मूल्याच्या मोटारीवर २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर ७० टक्के मूळ सीमाशुल्क व ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर असा एकूण ११० टक्के बोजा आहे. पूर्वीचा एकूण बोजाही एवढाच होता. बदलली ती फक्त त्याची विभागणी. शुल्कासह झालेल्या रकमेवर वस्तू व सेवा कर लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींसाठी हा कर ४० टक्के असून त्यापूर्वीचा २८ टक्के कर व त्यावरील भरपाई उपकर ही रचना रद्द झाली आहे.

उदाहरणार्थ, बंदरात ५० लाख रुपये मूल्य धरलेल्या पेट्रोल मोटारीवर ५५ लाख सीमाशुल्क लागते. या १०५ लाखांवर ४२ लाख वस्तू व सेवा कर धरला, तर विक्रेत्याचा नफा मिळवण्यापूर्वीच किंमत १४७ लाखांवर जाते. म्हणजे मूळ मूल्याच्या जवळजवळ तिप्पट. २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात ब्रिटिश मोटारींवरील शुल्क ठराविक संख्येच्या मर्यादेत टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणण्याची तरतूद आहे. त्यामुळे त्या देशात तयार होणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत हे गणित बदलू शकते.

गाडीचे सुटे भाग आणून जोडणी भारतात केली, तर शुल्क बरेच कमी होते. मर्सिडीज-बेंझने २०२० मध्ये चाकण येथे एएमजी जीएलसी ४३ कूपेची जोडणी सुरू केली. एएमजी नाममुद्रेची भारतात जोडलेली ही पहिली गाडी होती. मात्र खऱ्या दोन बैठकांच्या स्पोर्ट्स कारची मागणी इतकी थोडी आहे, की तिच्यासाठी जोडणीची रांग उभारणे उत्पादकांना सहसा परवडत नाही.

सीमाशुल्काचा भार किती असतो, हे महाराष्ट्रातील सर्वसामान्य वाचकांना एका प्रसंगाने कळले. २००२ मध्ये सचिन तेंडुलकर यांनी कसोटी क्रिकेटमध्ये डॉन ब्रॅडमन यांच्या २९ शतकांशी बरोबरी केली. त्याबद्दल फियाटतर्फे त्यांना फेरारी ३६० मॉडेना भेट देण्यात आली. ती मायकेल शूमाकर यांच्या हस्ते सिल्व्हरस्टोन येथे देण्यात आली. गाडी भारतात आणताना केंद्र सरकारने सुमारे १.१३ कोटी रुपयांचे शुल्क माफ केल्यामुळे वाद झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर शुल्क फियाटने भरले. मोटार भेट मिळाली तरी शुल्क चुकत नाही, हे त्यातून दिसले.

राज्याचा वाहन कर व नोंदणी

महाराष्ट्रात खाजगी मोटारीवर एकरकमी वाहन कर भरावा लागतो. व्यक्तीच्या नावे असलेल्या पेट्रोल मोटारीसाठी तो १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के व त्यापुढे १३ टक्के आहे. डिझेलसाठी हेच दर १३, १४ व १५ टक्के आहेत. आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावे नोंदवलेल्या मोटारीला सरसकट २० टक्के दर लागतो. कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख रुपये करण्यात आली. वरील उदाहरणातील १४७ लाखांच्या गाडीवर २० टक्क्यांनी २९.४ लाख कर होतो. याचा अर्थ असा, की साधारण दीड कोटीच्या वर गाडी कितीही महाग असली तरी राज्याचा कर वाढत नाही. वाढीव मर्यादेचा भार एक कोटीपेक्षा महाग अशा गाड्यांवर पडतो. पूर्वी त्यांचा कर २० लाखांवर थांबत असे.

यामुळे कर कमी असलेल्या राज्यात किंवा केंद्रशासित प्रदेशात गाडी नोंदवण्याची प्रथा पडली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४० नुसार नोंदणी मालकाचे निवासस्थान किंवा व्यवसायाचे ठिकाण असलेल्या क्षेत्रात करावी लागते. कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवलेल्या वाहनाला तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. ठाण्यात राहणाऱ्याने परराज्यातील क्रमांकाची गाडी कायमची वापरणे त्यामुळे धोक्याचे ठरते. वाचवलेला कर नंतर भरावा लागतोच, शिवाय गाडी अडवली जाण्याची शक्यता राहते. जुनी स्पोर्ट्स कार घेणाऱ्यांनी हा मुद्दा विशेष तपासावा लागतो, कारण कराची थकबाकी गाडीबरोबर नव्या मालकाच्या गळ्यात पडते.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांना राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार वाहन करातून सूट असून त्यांवरील वस्तू व सेवा कर ५ टक्केच आहे. त्याच वर्षी आलेली एमजी सायबरस्टर ही दोन बैठकांची उघडी विद्युत गाडी या सवलतींमुळे तेवढ्याच शक्तीच्या पेट्रोल गाड्यांपेक्षा बरीच स्वस्त पडते. तिचे वजन मात्र सुमारे दोन टन आहे, आणि हलकेपणा हा स्पोर्ट्स कारचा मूळ गुण मानणाऱ्यांना ती तडजोड वाटते.

आकर्षक क्रमांकासाठी वेगळे शुल्क असते. ऑगस्ट २०२४ च्या अधिसूचनेनंतर मुंबई, ठाणे, पुणे अशा अधिक मागणीच्या भागांत चारचाकीसाठी '०००१' या क्रमांकाचे शुल्क ६ लाख रुपये झाले. तेवढ्यात एक साधी नवी मोटार येते.

रस्ता, उंची व पावसाळा: कोलशेतचे उदाहरण

कोलशेत हे ठाणे शहराच्या उत्तरेकडील, खाडीलगतचे जुने गाव. घोडबंदर रस्त्याच्या परिसरातील कारखान्यांच्या जागी उंच निवासी संकुले उभी राहिल्याने तेथे मोटारींची संख्या वाढली. येथील गाड्या ठाणे परिवहन कार्यालयाच्या 'एमएच ०४' क्रमांकाच्या, तर शेजारच्या कल्याण-डोंबिवलीतील गाड्या 'एमएच ०५' क्रमांकाच्या असतात. अशा उपनगरातून रोज बाहेर पडणाऱ्या गाडीला गतिरोधक, संकुलातील उतार, खड्डे व वाहतूक कोंडी या चारही गोष्टींना तोंड द्यावे लागते.

बहुतेक स्पोर्ट्स कारची जमिनीपासूनची उंची १०० ते १३० मिलिमीटर असते. भारतीय रस्ते महासभेच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद व १७ मीटर त्रिज्येचा असावा. अशा गतिरोधकावर सुमारे २.४५ मीटर चाकांतर असलेल्या गाडीची पुढची व मागची चाके एकाच वेळी उंचवट्यावर असतात. त्यामुळे मधला भाग चाकांच्या पातळीपेक्षा फक्त ४.४ सेंटिमीटरच वर येतो. म्हणजे मानकानुसार बांधलेला गतिरोधक १२० मिलिमीटर उंचीची गाडी सहज ओलांडते. अडचण होते ती अरुंद व उभट गतिरोधकांवर. तेथे पुढची चाके उतरलेली आणि मागची अजून चढलेली नसताना संपूर्ण उंचवटा गाडीच्या पोटाखाली येतो. कागदावरच्या उंचीबरोबरच चाकांतर व पुढच्या चाकांपुढे आलेले नाक किती लांब आहे, हेही म्हणूनच पाहावे लागते. काही गाड्यांत नाक सुमारे ४ सेंटिमीटर उचलणारी यंत्रणा अतिरिक्त किंमत देऊन मिळते. युरोपात ती चैन समजली जाते, ठाण्यात ती गरज आहे.

बहुमजली वाहनतळाचा उतार जेथे सपाट होतो, त्या कोपऱ्यावर हीच अडचण येते. यांत्रिक वाहनतळाच्या फळीवर रुंदी, वजन व चाकांमधील अंतर यांच्या मर्यादा असतात. गाडी ठरवण्यापूर्वी विक्रेत्याकडून चाचणीची गाडी स्वतःच्या संकुलात आणून जागेवर उभी करून पाहणे, हा सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

घोडबंदर रस्त्यावरील संथ कोंडीत दुहेरी क्लच असलेल्या गिअरपेटीचा क्लच वारंवार अर्धवट सरकत राहतो व तापतो. तेलात बुडालेले क्लच ही उष्णता अधिक सहन करतात, कोरडे क्लच कमी. रोजच्या वापरासाठी टॉर्क कन्व्हर्टर असलेली गिअरपेटी अधिक निर्धोक मानली जाते. अतिरुंद टायर कोरड्या रस्त्यावर उत्तम पकड देतात, पण साचलेल्या पाण्यावर ते रुंदीमुळेच लवकर तरंगू लागतात. शिवाय गाडीचा हवा ओढण्याचा मार्ग खाली असेल, तर पाणी इंजिनात शिरते. पाणी दाबले जात नसल्यामुळे दट्ट्या अडतो व जोडदांडा वाकतो. सर्वसाधारण विम्यात अशा नुकसानीची भरपाई बहुधा मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची पुरवणी घ्यावी लागते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १५०० घन सेंटिमीटरवरील सर्व मोटारींना त्यासाठी २४,५९६ रुपये लागतात, मग ती साधी कौटुंबिक गाडी असो वा बारा सिलिंडरची फेरारी. मोठा खर्च स्वतःच्या गाडीच्या विम्यात असतो.

वेग वापरण्याची जागाही मर्यादित आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींची मर्यादा सपाट भागात ताशी १०० व घाटात ६० किलोमीटर आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये भिवंडी तालुक्यातील आमणेपर्यंत पूर्ण झाला. त्यामुळे ताशी १२० ची मर्यादा असलेला रस्ता ठाणेकरांच्या हाकेवर आला. दूरच्या प्रवासात एक गैरसोय लक्षात घ्यावी लागते: अनेक स्पोर्ट्स कारमध्ये जादा चाक नसते, केवळ पंक्चर भरण्याचे साहित्य असते.

इंधन

उच्च दाबाची इंजिने ९५ किंवा त्याहून अधिक ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी आखलेली असतात. भारतात ९७ व १०० ऑक्टेनची पेट्रोले ठराविक पंपांवर मिळतात. इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये मुंबई व पुण्यासह दहा शहरांत आणले. कमी ऑक्टेनवर इंजिन सहसा बिघडत नाही, पण आघाती ज्वलन टाळण्यासाठी त्याचा संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो व विकत घेतलेली शक्ती कमी होते. २० टक्के इथेनॉल मिश्रणासाठी गाडी मान्य आहे का, हे मालक पुस्तिकेत पाहावे लागते.

ताबा घेताना

नोंदणीपूर्वी चासी व इंजिन क्रमांक बीजक आणि नमुना २२ यांच्याशी जुळवले जातात. टायरच्या कडेवरील चार अंक उत्पादनाचा आठवडा व वर्ष दाखवतात. गाडी किती काळ बंदरात किंवा गोदामात उभी होती, याचा अंदाज त्यावरून येतो. दहा लाखांपेक्षा अधिक किमतीच्या मोटारीवर विक्रेता १ टक्का कर गोळा करतो. ही रक्कम आयकर विवरणपत्रात वळती करून घेता येते, मात्र त्यासाठी बीजकावर खरेदीदाराचा पॅन अचूक असावा लागतो. ग्राहकाने स्वतः परदेशातून नवी गाडी आणायची असल्यास ती ज्या देशात तयार झाली तेथूनच, उजव्या सुकाणूची व न्हावा शेवासारख्या नेमून दिलेल्या बंदरातूनच यावी लागते. परदेशी नातेवाइकांनी तिची आधी तेथे नोंदणी केली, तर ती नव्या गाडीच्या व्याख्येत बसत नाही.